तिसऱ्या हाकेला

रत्नागिरीहून आले म्हटलं की आमच्या सोसायटीतला प्रत्येक जण आधी हातातल्या पिशवीकडे बघतो. मार्गशीर्षात आंबे नसतात, हे पुण्यात कोणाला सांगून पटत नाही. मी आमसुलं आणली, कुळथाचं पीठ आणलं, काजूगर आणले. ते वाटून झाले की मग लोक दिवाणखान्यात इकडेतिकडे बघतात आणि विचारतात, "पुरस्कार कुठे ठेवलात?" तेच सांगायला बसले आहे.

मी व्यवस्थापन शिकवते. पस्तीस वर्षं झाली. व्यवस्थापनाच्या शिक्षकांच्या एका संघटनेनं यंदा मला उत्कृष्ट अध्यापनाचा पुरस्कार जाहीर केला. अधिवेशन रत्नागिरीत होतं. पुरस्कार होता माझ्या 'थ्री कॉल' पद्धतीसाठी. पद्धत साधी आहे. वर्गात एखाद्या कंपनीची अडचण मांडायची, तिला आम्ही केस म्हणतो. पोरं लगेच उत्तर फेकतात. इथे तसं चालत नाही. तोच प्रश्न तीनदा विचारायचा. पहिल्यांदा मालक विचारतो, दुसऱ्यांदा गिऱ्हाईक, आणि तिसऱ्यांदा असा माणूस की जो बैठकीत नाही पण निर्णय ज्याच्या डोक्यावर पडणार आहे. रात्रपाळीचा कामगार, नाहीतर कारखान्याखाली जमीन गेलेला कोणी. तिसऱ्या हाकेपर्यंत उत्तर द्यायचं नाही.

यावर माझं इंग्रजी पुस्तक आहे. प्रस्तावनेत मी लिहिलं, ही पद्धत कोकणातल्या एका लोकपरंपरेवरून सुचली. सुचली खरी, पण मला नाही. ती जनार्दन आंब्रे सरांना सुचली. मी त्यांची विद्यार्थिनी, मग सहकारी. ते मूळ चिपळूणजवळच्या अलोऱ्याचे. तिथल्या कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत कामगारांना शिकवता शिकवता ते आमच्या संस्थेत आले. पीएच.डी. नव्हती म्हणून शेवटपर्यंत पाहुणे शिक्षकच राहिले. हजेरी घेताना ते प्रत्येकाला तीनदा हाक मारायचे. "आमच्याकडे एका हाकेला ओ देत नाहीत," म्हणायचे. "पहिली हाक कोणाचीही असू शकते. माणूस तिसऱ्यांदा बोलावतो." साठ पोरांच्या हजेरीत वीस मिनिटं जायची. हजर असला तर निळ्या पेनानं टिंब, गैरहजर असला तर लाल. आम्ही पुण्याची पोरं, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणारी. मी तर पहिल्याच हाकेला "हजर" म्हणायची आणि ते माझ्याकडे बघत उरलेल्या दोन हाका पुऱ्या करायचे.

त्यांचं नाव पुस्तकात का घातलं नाही? घालणार होते. मग वाटलं पुढच्या आवृत्तीत घालू. मग पुढची आवृत्ती निघाली.

कुंभार्ली घाट

संघटनेची वातानुकूलित बस होती, पण बंद काचांत मला मळमळतं. मी एकटीच एसटीनं निघाले. पाटण, कोयनानगर मागे पडलं, हवा गार झाली आणि ऐन घाटात बस थांबली. पुढे वळणावर ट्रक आडवा झाला होता. भर दुपारचे बारा. पुण्यात गाडी दोन मिनिटं अडली की हॉर्नचा कल्लोळ होतो. इथे ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, लोक खाली उतरले आणि कठड्यावर डबे उघडून बसले.

मी जरा पुढे चालत गेले. खाली दरी, वाळायला लागलेलं गवत आणि सगळं गपगार. एक पाखरू बोलेना. आणि खालच्या रानातून हाक आली.

"शैलजा!"

मी झटक्यात "ओ!" म्हटलं. म्हटलं आणि मग लक्षात आलं की या बसमध्ये माझं नाव कोणाला ठाऊक नाही.

कठड्यावर एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती. तिनं खाणं थांबवलं. मला विचारलं, कितवी हाक होती. मी म्हटलं, पहिलीच. तुम्ही ऐकलीत का? तिनं ऐकली नव्हती, नुसती माझी ओ ऐकली होती.

"पयल्या हाकंला ओ दियाची नाय, बाय," ती म्हणाली आणि डबा बंद करून दुसरीकडे जाऊन बसली.

हसूच आलं मला. ज्या बाईला पहिल्या हाकेला उत्तर न देण्याबद्दल पुरस्कार मिळणार, तिनंच पहिल्या हाकेला ओ द्यावी! पण ते हसू पुरतं उमटलं नाही, हेही खरं.

बस निघाली तेव्हा कंडक्टर माझ्या बाकाशी आला. बाजूची जागा रिकामी होती, तिथे मी पर्स ठेवली होती. त्यानं पर्स उचलून माझ्या मांडीवर दिली आणि म्हणाला, "बसू द्या की त्यांना, वयस्कर माणूस आहे." मला वाटलं मागून कोणी येतंय. कोणी आलं नाही. तो पुढे निघूनही गेला होता.

घाट उतरला. पोफळी गेली, शिरगाव गेलं आणि त्यानं घंटी मारली. "अलोरे!" बस थांबली. कोणी उतरेना. कंडक्टर माझ्या शेजारच्या जागेकडे बघत उभा. मी म्हटलं, माझं तिकीट चिपळूणचं आहे. "तुम्ही नाही," तो म्हणाला आणि मध्येच थांबला. डोळे चोळले, दोनदा घंटी दिली. बाहेर पाटी होती, एक चहाची टपरी होती, आत वसाहतीकडे जाणारा रस्ता होता. त्या रस्त्यावर आंब्रे सरांचं घर, एवढं मला माहीत होतं. उतरावं असं मनात आलंच नाही असं मी म्हणणार नाही. आलं होतं.

चिपळूण

रात्रीचा मुक्काम चिपळूणलाच होता. स्टँडजवळच्या एका खानावळीत जेवायला गेले. मालक गल्ल्यावर, कपाळाला गंध, पोट टेबलाला टेकलेलं. मी न सांगता दोन ताटं आली. बांगड्याचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी, सगळं दोन. एक माझ्यासमोर, दुसरं समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. मी म्हटलं, अहो, मी एकटी आहे. वाढणारी बाई माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच काहीतरी उर्मट बोलले असावे.

असू दे म्हटलं. कोकणात पाहुणचार जास्त. भूक सडकून लागली होती आणि कालवण असं होतं की मी दुसरी भाकरी कधी मागितली ते कळलं नाही. आमच्याकडे देशावर माशाला मसाला घालतात, इथे मसाल्याला मासा विचारून घालतात. समोरचं ताट निवत गेलं. सोलकढीवर साय धरली.

निघताना मालक हळहळून म्हणाले, "साहेबांनी कशालाच हात लावला नाही."

मी त्यांना कोण साहेब म्हणून विचारायला हवं होतं. नाही विचारलं. लॉजवर आले, दाराला कडी घातली आणि दिवा चालू ठेवून झोपले. सत्तावन्न वर्षांची बाई, विभागप्रमुख, आणि दिवा चालू.

आरे-वारे

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला पोचले. हॉटेलच्या लॉबीत माझा फोटो असलेला मोठा फलक, त्यावर तीन हाकांची तीन वर्तुळं. ओळखीचे प्राध्यापक, मिठ्या, व्हिजिटिंग कार्डं. एकानं विचारलं, ही कल्पना मुळात सुचली कशी? मी नेहमीचं उत्तर दिलं, लोकपरंपरा वगैरे. उत्तर देताना पहिल्यांदाच जिभेवर काहीतरी कडू आलं.

संध्याकाळी मन रमावं म्हणून रिक्षा करून आरे-वारेला गेले. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. रस्ता डोंगराच्या कडेनं चढतो आणि एका वळणावर दोन किनारे एकदम दिसतात, मधे डोंगराचं नाक. वर सुरूची झाडं, खाली पांढरी रेती आणि माणूस नाही. रिक्षावाले सलीमभाई बोलके होते. कुठल्या मोसमात कुठला मासा खावा, हे त्यांनी वाटेत मला पाठ करून दिलं.

मी खाली उतरून पाण्यापर्यंत गेले. सूर्य बुडून थोडा वेळ झाला होता. लाटांचा आवाज चालू होता आणि तो चालू असतानाच, त्याच्या वरून नाही, त्याच्या आतून हाक आली.

"शैलजा."

या खेपेला मी ओठ घट्ट मिटले. आवाज मी ओळखला होता. खरं तर घाटातच ओळखला होता. 'शै' वर थोडं रेंगाळून 'लजा' खाली सोडायची ती कोकणी लकब वर्षानुवर्षं रोज सकाळी ऐकलेली. मी पळत नव्हते, पण माझी चप्पल रेतीत राहिली ती आणायला मागे फिरले नाही.

वर आले तर सलीमभाईंनी रिक्षा चालूच केली नाही. म्हणाले, तुमचे ते येऊ दे. मी विचारलं, कोण ते? दिसतात कसे? माझा आवाज चिरकला असणार, कारण त्यांनी गंभीरपणे, एखाद्या आजाऱ्याला सांगावं तसं सांगितलं. पांढरा बुशकोट. खिशाला दोन पेनं, एक लाल, एक निळं. पाण्याकडे पाठ करून उभे होते. डाव्या हातात वही धरल्यासारखा हात.

"आता दिसत नाहीत," ते म्हणाले. "मॅडम, घरचं माणूस आहे का?"

मी म्हटलं, माझे सर आहेत. अलोऱ्याला असतात. उद्या सकाळी मला तिकडे न्याल का?

अलोरे

दुसऱ्या दिवशी दुपारी माझं प्रात्यक्षिक व्याख्यान होतं. आयोजकांना फोन करून बरं नाही म्हटलं आणि सकाळी सहाला निघाले. वाटेत स्वतःला समजावत होते. सर आता ऐंशीच्या पुढचे. माफी मागू. पुढच्या आवृत्तीत नाव घालू, या खेपेला खरंच. त्यांना उद्याच्या समारंभाला सोबत घेऊन येऊ, पहिल्या रांगेत बसवू. छानच दिसेल ते, असंही मनात आलं. माझी जात बघा कशी, तिथेही 'दिसेल' हाच शब्द.

वसाहत जवळजवळ रिकामी आहे. एकसारख्या चाळी, बंद खिडक्या, अंगणांत घाणेरी माजलेली. सरळ रस्ते आणि त्यांवर कोणी नाही. सरांचं घर वसाहतीबाहेर, चिऱ्याचं, पुढे ओटा. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, ओट्यावर बसून वाल सोलत होत्या. मला बघून उठल्या नाहीत, चकितही झाल्या नाहीत.

"ये गो," म्हणाल्या. "लवकर आलीस."

भिंतीवर सरांचा फोटो होता आणि फोटोला हार होता. मी उंबऱ्यातच खाली बसले.

सर जाऊन दोन पावसाळे झाले, काकू म्हणाल्या. काहीच निरोप कसा नाही, मी विचारलं. काकूंनी सांगितलं की शेवटच्या आठवड्यात त्यांनी स्वतः माझ्या ऑफिसात फोन केले होते. सर म्हणत होते, शैलजाला बोलावून घे. पहिल्यांदा कळलं मॅडम मीटिंगमध्ये आहेत. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा काकूच निरोप लिहून घ्या म्हणाल्या.

तो निरोप मला मिळाला होता. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, इथे लिहिते आहे. 'अलोऱ्याहून फोन, आंब्रे, लवकर करा.' पिवळी चिठ्ठी होती. मला वाटलं सरांनी पुस्तक पाहिलं, आता जाब विचारणार. मी ती चिठ्ठी पेपरवेटखाली सरकवली आणि तीन वर्तुळांची स्लाइड दुरुस्त करत बसले. तिसऱ्या हाकेला उत्तर द्यावं, हे मी देशभर शिकवत हिंडले आणि मला आलेली तिसरी हाक पेपरवेटखाली ठेवली.

मी रडत होते, काकू वाल सोलत होत्या. पुस्तक सरांनी पाहिलं होतं. एका जुन्या विद्यार्थ्यानं आणून दिलं होतं. काकूंनाही कळावी म्हणून त्याच्याकडून त्यांनी प्रस्तावना मराठीत करून वाचून घेतली. लोकपरंपरा हा शब्द आल्यावर मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "म्हणजे मी लोकपरंपरा झालो काय!"

"रागावले?" मी विचारलं.

"नाही. ते कधी कोणावर रागावले?" काकू म्हणाल्या. "त्या दिवशी जेवले नाहीत फक्त."

मग त्या आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. तीन कप. एक मला, एक त्यांना आणि तिसरा त्यांनी माझ्या शेजारच्या खुर्चीसमोर ठेवला. अगदी सवयीनं.

"यांना साखर कमी," म्हणाल्या. "तुझ्याबरोबर आलेत म्हणून केला. एरवी हल्ली असे येत नाहीत."

खुर्चीकडे बघायचं धाडस झालं नाही. कपातून वाफ वर जात होती आणि वर जाऊन एका जागी वळत होती, पुढे काहीतरी असल्यासारखी. मी विचारलं, काकू, मी आता काय करू?

"मला काय विचारतेस? तूच शिकवतेस ना."

रत्नागिरी

समारंभ सकाळी होता. मी पहिल्या रांगेत, शेजारच्या खुर्चीवर 'राखीव' अशी चिठ्ठी. कोणासाठी ते आयोजकांनाही सांगता येईना. रात्रभर मी दोन भाषणं लिहिली होती. एकात सरांचा उल्लेख ऋणनिर्देशात होता, शेवटून तिसऱ्या ओळीत. ते जास्त बरं जमलं होतं. पर्समध्ये दोन्ही होती.

निवेदिकेनं मानपत्र वाचलं. मौलिक, अभिनव, स्वतःची अशी पद्धत. मग नाव पुकारलं, डॉ. शैलजा कारखानीस. टाळ्या झाल्या. मी उठले नाही. पाय उचलेनात म्हणा, किंवा मला बरी सवय लागली म्हणा. तिनं हसून पुन्हा पुकारलं. टाळ्या विरळ झाल्या. अध्यक्ष वाकून बघू लागले. मागून कोणी कुजबुजलं, यांना ऐकू कमी येतं का? निवेदिका हातातल्या कागदाकडे बघत गोंधळून उभी होती. तिचे ओठ मिटलेले होते, हे मी नीट पाहिलंय. शपथेवर सांगेन.

"शैलजा."

ती तिसरी होती. मी "ओ" म्हटलं आणि उठले.

दोन्ही कागद पर्समध्येच राहिले. काय बोलले ते तंतोतंत आठवत नाही. ही पद्धत माझी नाही म्हणाले. ती जनार्दन आंब्रे सरांची, अलोऱ्याच्या. ते हजेरी तीनदा घ्यायचे आणि आम्ही हसायचो. लोकपरंपरा वगैरे मी लिहिलं ते माणसाचं नाव झाकायला. चिठ्ठीचंही सांगितलं. शेवटी म्हटलं, सन्मानचिन्ह द्यायचं तर त्यांच्या नावानं द्या. अध्यक्ष माझ्या कानाशी येऊन म्हणाले, मरणोत्तर देणं नियमात बसत नाही, मॅडम, हे आधी सांगायचं असतं. बरोबर होतं त्यांचं. आधीच सांगायचं होतं. मी चिन्ह टेबलावर ठेवलं आणि खाली आले.

खाली आले तर 'राखीव'च्या खुर्चीवर सांगलीकडचे एक तरुण प्राध्यापक बसलेले. ओशाळून म्हणाले, इथे कोणी होतं का? मी म्हटलं, होतं, बसा तुम्ही.

दुपारी कोकणी पंगत होती, केळीच्या पानांवर. वालाचं बिरडं, अळूचं फदफदं, भात, उकडीचे मोदक. मी एका टोकाला बसले. परवा मिठ्या मारणारे आज दुसऱ्या ओळीत बसले, त्यांनाही दोष देत नाही. माझ्या डाव्या हाताच्या पानावर कोणी बसलं नव्हतं, तरी वाढप्यांनी वाढलं. या खेपेला मी त्यांना अडवलं नाही. तेवढ्यात आमचे संचालक उभ्या उभ्याच येऊन सांगून गेले, पुण्याला गेल्यावर या विषयावर बसावं लागेल. मी बरं म्हणून मान खाली घातली.

डावीकडचं पान स्वच्छ होतं. भाताचं शीत नव्हतं, फदफद्याचा ओघळ नव्हता. वाल संपलेले, मीठसुद्धा पुसून घेतलेलं. फक्त मोदक तसाच होता, एका कडेला नीट सरकवून ठेवलेला.

साखर कमी.

परत

येताना एसटीनंच आले. चिपळूणला त्याच खानावळीत गेले. मालकांनी ओळखलं. बाईनं एकच ताट आणून ठेवलं. समोरची खुर्ची मी मुद्दाम जरा बाहेर ओढून ठेवली होती. भाकरी तशीच, कालवण तसंच, पण घास उतरेना. चार दिवस ज्याला घाबरले, त्याची इतकी सोबत झाली असेल असं वाटलं नव्हतं. माझी विभागप्रमुखाची खुर्ची राहील की जाईल ते अजून ठरायचंय. तिचं इतकं काही वाटत नव्हतं, जितकं त्या समोरच्या खुर्चीचं वाटत होतं.

मालक उठून टेबलाशी आले. ताटात अर्धं तसंच बघून त्यांनी भात आणायला सांगितला. मग समोरच्या खुर्चीकडे बोट करून विचारलं, "साहेब आज नाही आले?"

"नाही," मी म्हटलं.

"जेवून गेले असतील," मालक म्हणाले आणि माझ्या पानात भात वाढला.